देखाव्यातला ठिपका

निसर्गचित्राला आपल्या शाळांत 'देखावा' म्हणतात. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, डोळ्यांना समोर दिसते ते. आणि दुसरा, जे नाही ते असल्याचे भासवणे. गणेशोत्सवात मंडळे उभी करतात तोही देखावाच. शाळांतून आपण जे निसर्गचित्र काढत आलो ते या दुसऱ्या अर्थाने देखावा असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचकहो, आठवून पाहा. दोन डोंगर, त्यांच्या बेचक्यातून उगवणारा सूर्य, त्याचे पट्टीने ओढलेले किरण, डोंगरातून निघून थेट कागदाच्या खालच्या कडेपर्यंत आलेली निळी नदी, काठावर एक कौलारू घर, घराशेजारी नारळाचे वाकडे झाड आणि आभाळात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. आमच्या वर्गात जत-आटपाडीकडच्या दोन मुली आहेत. त्यांच्या गावी उन्हाळ्यात टँकरने पाणी येते. पण त्यांच्याही शाळेतल्या वहीत हीच नदी होती आणि हेच नारळाचे झाड होते. नदीत शिडाची होडीसुद्धा होती! कोकणातल्या, मराठवाड्यातल्या, कोल्हापुरातल्या मुलांनी एकच चित्र काढावे, आणि त्यातले कोणाच्याच दारासमोर नसावे, याचे कोणालाच काही वाटत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला तर 'स्मरणचित्र' हा विषयच आहे. स्मरणावर माझा राग नाही. परंतु ज्याने कधी नीट पाहिलेच नाही त्याने स्मरावे तरी काय? तो दुसऱ्याच्या चित्राचे स्मरण करतो.

यंदा आपल्या महाविद्यालयात भरलेल्या चित्रप्रदर्शनातही मला हेच दिसले. चित्रे नेटकी होती, हात चांगले होते. पण बर्फाच्छादित झोपडी, पाइनची झाडे, परदेशी सरोवर अशी मोबाईलवरून उतरवलेली दृश्येच त्यांत जास्त होती. प्रदर्शनाच्या खोलीच्या खिडकीतून बाहेर पाहिले तर उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलेली एस. टी., रसवंतीचे गुऱ्हाळ आणि गुलमोहराखाली झोपलेला चप्पल शिवणारा माणूस दिसत होता. त्यातले एकही भिंतीवर नव्हते. यावर एक मित्र म्हणाला, "ते काय रोजचेच आहे." या 'रोजच्या'विषयीच मला थोडे लिहायचे आहे. मी चित्रकलेची विद्यार्थिनी नाही, मराठी व इतिहास हे माझे विषय. पण मत मांडायला तेवढे पुरे असावे.

आपण कोल्हापूरला अभिमानाने 'कलापूर' म्हणतो. स्वागत समारंभात प्रत्येक वक्ता म्हणतो. ते नाव ज्या माणसांमुळे मिळाले त्यांच्यातले अगदी आधीचे नाव आबालाल रहिमान यांचे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते १८८० नंतरच्या दशकात शिकले. तेथे विलायती पद्धतीचे यथार्थ चित्रण शिकवले जाई. त्या शिक्षणावर मुंबईत राहून मोठमोठ्या लोकांची व्यक्तिचित्रे रंगवून पैसा आणि नाव मिळवता आले असते, अनेकांनी मिळवले. हा माणूस कोल्हापूरला परत आला आणि इथेच राहिला. राजर्षी शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता. पण राहणी फकिराची. कोटितीर्थाचा तलाव, रंकाळा, पंचगंगेचा घाट, संध्यामठ हीच त्यांची जागा. तिथेच जायचे, तिथेच बसायचे, तेच पुन्हा काढायचे. १९३१ साली ते वारले.

त्यांच्याविषयी एक गोष्ट कोल्हापुरात सर्वांना ठाऊक असते. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले तेव्हा त्या दुःखात आबालालनी आपली शेकडो, कोणी म्हणते हजारो, चित्रे पाण्यात सोडून दिली. कोणी रंकाळा सांगतो, कोणी कोटितीर्थ. गोष्ट हृदयद्रावक आहे खरी. मला मात्र एका गोष्टीचे नवल वाटते. जी चित्रे बुडाली म्हणतात त्यांच्याविषयी आपण तासभर बोलतो, आणि जी उरली आहेत ती पाहायला जाणारा माणूस शंभरात एक सापडत नाही. बुडालेली चित्रे पाहण्याचे कष्ट पडत नाहीत, हेच तर त्याचे कारण नसेल?

संध्यामठाचे एवढे एकच उदाहरण घ्या. रंकाळ्याच्या पाण्यातला तो दगडी मंडप. चांगला पाऊस झाला की तो पाण्याखाली जातो, उन्हाळ्यात पायथ्यापर्यंत उघडा पडतो. म्हणजे 'संध्यामठ' नावाची एक वस्तू नाहीच. आषाढातला वेगळा, मार्गशीर्षातला वेगळा, वैशाखातला वेगळा. सकाळचा करडा, संध्याकाळचा तांबूस. ज्याने एकदा काढून "झाला संध्यामठ" म्हटले त्याला तो कळलाच नाही. तिथे परत परत जाणे म्हणजे हट्ट किंवा विरक्ती नव्हे. ते काम आहे. शेतकरी त्याच शेतात रोज जातो, त्याला कोणी विचारत नाही की काल गेला होतास ना, मग आज कशाला?

कोल्हापुरात ही रीत पुढेही चालली. बाबूराव पेंटर हे मूळचे चित्रकार. त्यांनी स्वतः कॅमेरा जुळवून सिनेमे काढले आणि १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये पौराणिक राजवाडे बाजूला ठेवून कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. नट चंद्रकांत मांडरे यांना लोक सिनेमामुळे ओळखतात, परंतु त्यांनी जन्मभर निसर्गचित्रे काढली. राजारामपुरीतल्या त्यांच्या घराचे आज संग्रहालय झाले आहे. आपल्या महाविद्यालयातून तिथे जायला किती वेळ लागतो हे मी सांगत बसत नाही.

पण मला हे सारे पुस्तकातून कळले नाही. आमच्या हायस्कूलचे चित्रकलेचे सर निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. दर रविवारी सकाळी सात वाजता ते आमच्या गावच्या बंधाऱ्यावर येऊन बसतात. हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळा संपला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे बसवतात, पाणी अडते. पाऊस तोंडावर आला की बरगे काढतात. सर गेली कित्येक वर्षे हा एक बंधारा रंगवत आहेत. त्यांचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही, मुंबईत प्रदर्शन भरलेले नाही. घरात कपाटावर चित्रांचे गठ्ठे बांधून ठेवलेले आहेत आणि त्यांच्या पत्नीची त्यावर नाराजी आहे, कारण झुरळे होतात.

सुरुवातीला गावाला वाटले मोजणी आली. आपल्याकडे कोणी कागद घेऊन उघड्यावर बसला की लोकांच्या पोटात गोळा येतो. रस्ता जाणार असेल, कालवा जाणार असेल, कोणाची तरी जमीन जाणार असेल. "काय ओ सर, मोजणी हाय काय?" असे एका म्हाताऱ्याने विचारले तेव्हा सरांनी चित्र त्यांच्यापुढे धरले. म्हातारा बराच वेळ पाहून म्हणाला, "तिसऱ्या गाळ्याचा बरगा मोडलाय, त्यो दावला न्हाईसा." सर उठून पाहून आले, बरगा खरेच मोडला होता. एवढी अचूक टीका मी आपल्या प्रदर्शनात तरी ऐकली नाही.

मी त्यांच्या मागे उभी राहून जे पाहिले ते थोडक्यात सांगते. जलरंगात पांढरा रंग बहुधा वापरत नाहीत. कागद कोरा सोडतात, तोच पांढरा. म्हणजे जिथे ऊन चमकते तिथे काहीच करायचे नाही, आणि हे 'काहीच न करणे' आधी ठरवावे लागते. फिके आधी, गडद मागाहून. एप्रिलमध्ये आभाळाचा हात फिरवून पुरा होत नाही तोच कागद वाळतो, मध्ये डाग पडतो. जुलैत उलटे, अर्धा तास थांबले तरी ओल जात नाही आणि डोंगर आभाळात मिसळून जातो. ऊन दोन तासांत इतके सरकते की आठ वाजता ज्या खांबाची सावली पाण्यावर होती ती दहाला त्याच्या पायाशी येते. म्हणून सर आधी सावल्यांच्या जागा पेन्सिलीने आखून घेतात, नंतर त्या हलल्या तरी बदलत नाहीत. "घड्याळ थांबवायचं," असे ते म्हणतात. पाण्याला ते निळा रंग लावत नाहीत. बरगे घातल्यावरचे पाणी हिरवट, बरगे काढल्यावर तांबडे. पहिल्या पुराचे तर चहासारखे. आम्ही दहा वर्षे शाळेत नदीला निळा रंग दिला, आणि नदी शाळेमागून वाहत होती!

काही प्राध्यापक आणि वाचणारे मित्र म्हणतील की निसर्गचित्र ही जुनी, इंग्रजांनी शिकवलेली गोष्ट. आता कलेने बाह्य दृश्याच्या पलीकडे जायला हवे. मला त्यांच्याशी वाद घालण्याइतके वाचन नाही. पण इंग्रजांचाच विषय निघाला म्हणून सांगते. जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) हा त्यांचा फार मोठा निसर्गचित्रकार. तो सफोक परगण्यातल्या पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा, आणि तरुणपणी बापाच्या वाऱ्यावर चालणाऱ्या गिरणीत त्याने काम केलेले. वाऱ्याच्या गिरणीवर पोट असेल तर आभाळ वाचता यायलाच हवे. पुढे १८२१-२२ साली त्याने लंडनजवळ हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांची चित्रे काढली आणि त्यांच्या पाठीमागे तारीख, वेळ, वारा कोणत्या दिशेचा हे लिहून ठेवले. त्याने इटलीतले भग्न राजवाडे रंगवले नाहीत. बापाची गिरणी, कालव्यातल्या होड्या आणि पाण्यात उभी राहिलेली गाडी रंगवली. त्याच गाडीच्या चित्राला १८२४ मध्ये पॅरिसला सुवर्णपदक मिळाले. त्याच्या स्वतःच्या देशातल्या अकादमीने मात्र त्याला पूर्ण सभासद करून घ्यायला १८२९ साल उजाडले. तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता.

फ्रान्समधला क्लोद मोने १८९०-९१ मध्ये आपल्या गावाशेजारच्या शेतातल्या गंजी काढत बसला. पिकाच्या साध्या गंजी, हो! सकाळची, संध्याकाळची, बर्फातली, उन्हातली. त्यातली पंधरा चित्रे १८९१ मध्ये त्याने पॅरिसला एकत्र मांडली आणि लोक पाहायला लोटले. आमच्या परड्यातही वैरणीची गंजी आहे. ती पावसाआधी रचणे, ताडपत्री घालणे, उंदीर लागला का पाहणे हे सारे आम्ही करतो. तिचा रंग कधी पाहिला आहे का, असे मी घरात विचारले तेव्हा आई म्हणाली, "त्येला काय बघायचं? काळी पडली म्हंजी कुजली, एवढं कळतंय की."

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. बाबा साखर कारखान्यात हंगामी कामगार, आई दुसऱ्याच्या शेतात भांगलायला जाते. आमच्याकडे शेतात रिकामा बसलेला माणूस एकतर आजारी असतो किंवा भांडून आलेला. नुसते पाहण्यासाठी पाहणे हा प्रकार नाही. पण म्हणून आमच्या माणसांना पाहता येत नाही असे कोण म्हणेल? जोतिबाच्या डोंगरावर ढग कसा उतरला त्यावरून पाऊस किती वेळात पोहोचेल हे आई सांगते आणि तारेवरचे कपडे काढते. ती काळी गंजी म्हणजे कुजलेली गंजी हे रंगाचेच ज्ञान आहे. फरक एवढाच की तिच्या पाहण्यापुढे लगेच काहीतरी काम उभे असते, आणि चित्रकाराला त्या पाहण्यावर दोन तास खर्च करायची मुभा असते. ही मुभा कोणाला मिळते, हा मला खरा प्रश्न वाटतो. शैली जुनी की नवी हा त्यानंतरचा. चांगल्या सुती कागदाचा एक ताव आईच्या जवळजवळ एका दिवसाच्या मजुरीएवढा पडतो. हेही विसरून चालणार नाही.

मोबाईलचा आक्षेप मी फार गंभीरपणे घेत नाही. फोटो काढणे वाईट नाही, मीही काढते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराने आमची गल्ली बुडाली तेव्हाचे फोटो आहेत म्हणून पाणी भिंतीवर कुठवर चढले होते ते दाखवता येते. तिथे चित्राचा काही उपयोग नव्हता. परंतु फोटो काढून आपण खिशात ठेवतो आणि पाहण्याचे काम झाले असे समजतो. चित्र काढणाऱ्याला इंचाइंचाला ठरवावे लागते की इथे काय आहे. झाडाखालची सावली काळी आहे का जांभळी, हे फोटो त्याच्या मर्जीने ठरवतो. सर मला ठरवायला लावतात आणि बहुतेक वेळा ती कोणत्याच एका रंगाची नसते.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्या गोष्टीकडे येते. निसर्गचित्रात माणूस ठिपका असतो. आमच्या सरांच्या चित्रांतही असतो. डोक्याचा एक ठिपका, अंगाचे दोन फटकारे, डोक्यावर भारा असेल तर वर एक आडवा फटकारा, झाली गवतवाली. तिचे लुगडे नेहमी तांबडे. का, तर साऱ्या हिरव्यात एक तांबडा ठिपका दिला की हिरवा रंग उठून दिसतो. हे खरे आहे, मी करून पाहिले आहे, हिरवा खरोखर उठून दिसतो. पण ती बाई कोण? बंधाऱ्यावरून भारा घेऊन सकाळी जाणाऱ्या बायकांत माझी आई असते. तिच्याकडे तांबडे लुगडे नाही. तिच्या अंगात साडीवर बाबांचा जुना लांब बाह्यांचा शर्ट असतो, कारण उसाचा पाला हात कापतो. आमच्याकडच्या साऱ्याच बाया असा शर्ट घालतात. इतकी निसर्गचित्रे मी पाहिली, पुस्तकांतली आणि प्रत्यक्ष, पण तो शर्ट मला एकाही चित्रात भेटला नाही. डोक्यावरच्या भाऱ्याला वजनही नसते. खरा भारा घेतलेली बाई मान ताठ ठेवते, पण कंबरेतून एका बाजूला झुकते, आणि पाय भराभर टाकते, कारण थांबले तर जास्त जड लागतो. चित्रातली गवतवाली फिरायला निघाल्यासारखी चालते.

हे मी सरांना बोलून दाखवले. मोठ्या माणसाला असे म्हणावे की नाही, या विचारात मी दोन रविवार घालवले होते. त्यांनी ब्रश पाण्यात हलवला आणि म्हणाले, "मला इथनं तेवढंच दिसतंय गं. तू जवळची. जवळनं दिसतंय ते तू काढ."

मग मी प्रयत्न केला. आई ज्या रानात भांगलायला जाते त्याच्या बांधावर वही घेऊन बसले. पहिली अडचण म्हणजे माणसे हलतात. बंधारा बिचारा जागचा हलत नाही. बाया ओळीने पुढे सरकतात. डोके काढून होईतो त्या पाच हात पुढे गेलेल्या असतात. दुसरी अडचण त्यांच्या हसण्याची. "आगं, माझं नाक बारीक काढ," असे एक मावशी ओरडली आणि सगळी ओळ खुरपी टाकून हसू लागली, तेव्हा शेतमालकाने बांधावरून पाहिले. तिसरी अडचण आईची. ती म्हणाली, "बसायचंच हाय तर खुरपं घिऊन बस, निदान एक वाफा तरी हुईल." मी दोन वाफे केले आणि मग चित्र काढले. गंमत अशी की खुरपे चालवून उठल्यावर बसलेल्या बाईचा गुडघा कुठे येतो हे मला न पाहता कळत होते. त्यानंतर मी एक मोठे चित्र करण्याऐवजी एका पानावर दहा-दहा लहान आकृत्या पेन्सिलीने टिपते: वाकलेली, पाठ सोडवणारी, पाणी पिणारी. त्यातल्या दोन-तीन बऱ्या आहेत. शर्ट सगळ्यांत आहे.

चौथी अडचण मुलगी असण्याची, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सर बंधाऱ्यावर एकटे तीन तास बसू शकतात. मी रस्त्याच्या कडेला एकटी अर्धा तास बसले तर दोन मोटारसायकली थांबतात, आणि संध्याकाळी घरी निरोप पोहोचतो की पोरगी रस्त्यावर बसली होती. चित्रकलेच्या इतिहासात उघड्यावर बसून रंगवणाऱ्या बायका कमी का दिसतात, याची कारणमीमांसा विद्वान करतीलच. माझ्यापुरते कारण मला बांधावर सापडले. उपाय एकच आहे, दोघी-तिघींनी मिळून जाणे. आम्ही दोघी जातो. मैत्रीण चित्र काढत नाही, अभ्यासाचे पुस्तक आणते, पण तिच्यामुळे मला तास-दीड तास मिळतो. त्या चित्रांत तिचा वाटा आहे असे मी मानते.

युवा महोत्सवात 'स्थळचित्रण' नावाची स्पर्धा असते. नावावरून वाटेल की स्पर्धकांना एखाद्या स्थळी नेत असतील. मी पाहिलेल्या स्पर्धेत एका सभागृहात बाके मांडली होती, फळ्यावर विषय लिहिला, 'बाजाराचा दिवस', आणि अडीच तास दिले. खिडक्या बंद, कारण पंख्याने कागद उडत होते. बाहेर त्या दिवशी खरोखर बाजार भरला होता! संयोजकांच्या अडचणी मला समजतात, शंभर मुले बाजारात नेऊन बसवणे सोपे नाही. पण निदान आपल्या महाविद्यालयाच्या पातळीवर तरी हे करता येईल. वर्षातून एक दिवस कलामंडळाने मुलांना एस. टी. स्थानकावर, पंचगंगेच्या घाटावर किंवा नुसते आपल्या फाटकासमोर बसवावे आणि जे निघेल ते भिंतीवर लावावे. वाकडे निघाले तरी लावावे. प्राध्यापक महोदयांनी तिथे येऊन म्हाताऱ्यासारखे सांगावे की तिसऱ्या गाळ्याचा बरगा मोडलाय.

तोवर ज्यांना यायचे असेल त्यांच्यासाठी: रविवारी सात वाजता आमच्या गावच्या बंधाऱ्यावर. शहरातून येणाऱ्यांना सव्वासहाची गाडी गाठावी लागेल. मुलींनी दोघी-दोघींनी यावे. रंग नसतील तर पेन्सिल चालते, सुरुवातीला तीच बरी. पिण्याचे आणि ब्रश धुण्याचे पाणी मात्र आपापले आणावे. सध्या बरगे काढलेले आहेत, नदीचे पाणी तांबडे आहे आणि त्यात ब्रश बुडवला की आभाळ मळते.